पिवळी पूड

दसऱ्यानंतरच्या रविवारी दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचं स्नेहभोजन होतं. जेवणं आटोपल्यावर कुमुदने पर्समधून काचेची एक छोटी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. आत वाटाण्याएवढा, चांदीसारखा एक गोळा होता.

"प्लॅटिनम," ती म्हणाली. "आमच्या गच्चीवर काढलंय. वितळवायचं काम तेवढं करोल बागेतल्या कारागिराने केलं."

क्षणात गर्दी जमली. बाटली या हातातून त्या हातात फिरली. कोणी फोटो काढले, कोणी "यार, हे तर कमालच आहे!" म्हणालं. कुमुद लाजली आणि पलीकडे उभ्या असलेल्या उत्तराकडे बोट दाखवून म्हणाली, "माझं कसलं कौतुक? सगळं उत्तराताईंनी शिकवलंय."

सगळे उत्तराकडे वळले, हसले, आणि पुन्हा बाटलीकडे वळले.

दोघींनी दिल्लीतल्या एका सरकारी धातू-चाचणी प्रयोगशाळेत बावीस वर्षं एका टेबलावर काम केलं होतं. उत्तरा वैज्ञानिक अधिकारी, कुमुद तिच्या हाताखालची टेक्निशियन. रिपोर्टवर सही उत्तराची असायची. पण अवघड नमुना आला की बाकीचे अधिकारी हळूच विचारायचे, "कुमुदजी हैं क्या आज?" उत्तराने ते बावीस वर्षं ऐकलं होतं. आता दोघीही निवृत्त होत्या. उत्तरा इंदिरापुरमला राहत होती, कुमुद वैशालीला. मध्ये ई-रिक्षाचं पंधरा मिनिटांचं अंतर.

घरी परतताना उत्तराचा नवरा श्यामकांत मेट्रोत म्हणाला, "कुमुद निवृत्तीनंतरही गप्प बसली नाही बघ. तुला नाही असलं काही सुचलं?"

"मला अ‍ॅसिडचे धूर घरात घ्यायची हौस नाही," उत्तरा म्हणाली.

तरी चार दिवसांनी ती कुमुदच्या गच्चीवर गेलीच. आपण चूक शोधायला जातोय, हे तिला स्वतःलाही ठाऊक होतं.

चूक सापडली नाही. दिल्लीत जुन्या गाड्या भंगारात निघतात. त्यांच्या सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या प्लॅटिनमच्या मुलाम्याच्या जाळ्या कुमुद एका गॅरेजवाल्याकडून रीतसर पावती घेऊन आणत होती. त्या कुटून ती अम्लराजात, म्हणजे दोन जहाल अ‍ॅसिडच्या मिश्रणात विरघळवायची, गाळायची, मग त्या लालसर पाण्यात नवसागर घालून पिवळी पूड खाली बसवायची. पूड तापवली की राखाडी धातू उरायचा. पत्र्याच्या शेडखाली धुरासाठी पंखा आणि नळी होती. हातमोजे होते, चष्मा होता, प्रत्येक बरणीवर चिठ्ठी होती. वहीत तारीखवार नोंदी होत्या. उत्तराने वही चाळली. इतकं स्वच्छ काम तिने स्वतः कधी केलं नव्हतं.

"फिल्टर पेपर वेगळा वापरायला हवा होतास," ती म्हणाली.

"दोन्ही वापरून पाहिले, ताई. याने कमी वाया जातं." कुमुद हसली आणि हसता हसता खोकू लागली. खोकला थांबेना. शेवटी ती पायरीवर बसली. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजत होती.

"कधीपासून आहे हे?"

"महिना झाला असेल. हवा बघा ना कशी आहे. आमच्या मजल्यावर सगळेच खोकतायत."

"मध्ये नाशिकला भावाकडे गेली होतीस ना? तेव्हा?"

"तिकडे काही नाही. एकदम ठणठणीत. इथे आले, गच्चीवर एक दिवस काम केलं की पुन्हा सुरू." तिने डोळे पुसले. "दिल्लीची हवा, दुसरं काय!"

उत्तराच्या हातात अजून वही होती. ताटलीत वाळत ठेवलेल्या पिवळ्या पुडीकडे तिने पाहिलं आणि तिला सगळं उमगलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी प्लॅटिनमच्या कामाचं आठ दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं. यादीत दोघींची नावं होती. कुमुदचं नाव उत्तराने, 'लॅबमध्ये कुणीतरी हवं' असं लिहून काढायला लावलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की अ‍ॅसिडच्या धुराला सगळे घाबरतात, पण खरी भीती या पिवळ्या क्षाराची. त्याला वास नाही, झोंबत नाही. काहींच्या अंगाला तो महिनोन्‌महिने चालतो आणि मग एकदम चालेनासा होतो. छाती आवळते, गाव सोडलं की बरं वाटतं. एकदा ते जडलं की चिमूटभर पूडही पुरते. तेव्हा काम कायमचं सोडायचं.

उत्तराने वही मिटून टेबलावर ठेवली.

"हो," ती म्हणाली. "हवाच वाईट आहे. वाफ घेत जा."

जिना उतरताना तिने स्वतःची समजूत घातली. आत्ता सांगितलं तर कुमुदला वाटेल, ताईंना बघवत नाही. सगळ्या मंडळात तेच बोललं जाईल. दोन दिवसांनी शांतपणे फोन करू. दोन दिवसांनी तिने नंबर काढला आणि भाजी चिरायला घेतली. त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा काढला. त्याच सकाळी मंडळाच्या ग्रुपवर बातमी आली होती, की दिवाळीनंतर कुमुदचं व्याख्यान ठेवलंय, 'कचऱ्यातून प्लॅटिनम'. खाली टाळ्यांच्या रांगा. उत्तरानेही टाळ्यांचं एक चित्र टाकलं आणि फोन पालथा ठेवला.

आपण का टाळतोय, ते तिला स्पष्ट दिसत होतं. खोकल्याने कुमुद आपोआप थांबेल, व्याख्यान रद्द होईल, आणि आपल्याला काही करावंच लागणार नाही, असाही विचार तिच्या मनात येऊन गेला. तो आला तेव्हा ती दूध तापवत होती. दूध उतू गेलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कुमुदचाच फोन आला.

"ताई, व्याख्यानाला तुम्ही... स्टेजवर... माझ्या शेजारी बसायचं." दर दोन शब्दांनी श्वास तुटत होता. "गुरू म्हणून... सत्कार करायचाय... तुमचा."

"आधी खोकला बरा कर," उत्तरा म्हणाली. पुढचं वाक्य ओठांवर होतं. पण 'गुरू म्हणून' हे शब्द कानात बसले होते. आपल्याला उपकारासारखी दिलेली खुर्ची! "बघू मग," असं म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुमुदच्या सुनेचा, अक्षताचा फोन आला. "काकू, आईंना अ‍ॅडमिट केलंय. सकाळी गच्चीवरच पडल्या. ऑक्सिजन लावलाय."

उत्तरा होती त्या साडीवर निघाली. वॉर्डबाहेर कुमुदचा मुलगा गौरव एका तरुण डॉक्टरशी बोलत होता.

"अस्थमा का अटैक है," डॉक्टर म्हणत होता. "इस मौसम में आधा शहर यही लेकर आ रहा है। दो-तीन दिन में घर जा सकती हैं।"

"नहीं," उत्तरा मध्येच म्हणाली. "डॉक्टर साहब, घर भेजेंगे तो वो फिर उसी छत पर जाएँगी।" मग तिने प्लॅटिनमचं, पिवळ्या पुडीचं, नाशिकचं सगळं सांगितलं. डॉक्टरने दोन प्रश्न विचारले, वरिष्ठांना बोलावलं, आणि उत्तराला सगळं पुन्हा सांगावं लागलं. वरिष्ठ डॉक्टर ऐकताना मान हलवत होते. "ये बात पहले पता होती तो..." ते एवढंच बोलले आणि आत गेले.

गौरवने तिचे दोन्ही हात धरले. "काकू, तुम्ही होतात म्हणून कळलं. थँक यू." उत्तराने हात सोडवून घेतले.

तिसऱ्या दिवशी कुमुदच्या नाकातली नळी निघाली. अक्षता डबा आणायला घरी गेली आणि दोघीच उरल्या.

"डॉक्टरांनी सांगितलं," कुमुद म्हणाली. आवाज घोगरा होता. "आता आयुष्यभर त्या पुडीच्या आसपासही जायचं नाही म्हणे. श्वासाचा पंप कायम जवळ ठेवायचा." तिने मान उत्तराकडे वळवली. "ताई, तुम्हाला हे कधी कळलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. अक्षताच्या फोननंतर, असं म्हणता आलं असतं. कोणीच तपासणार नव्हतं.

"त्याच दिवशी," उत्तरा म्हणाली. "गच्चीवर. तू नाशिकचं सांगितलंस तेव्हा."

"तीन आठवडे होत आले त्याला."

"हो."

"का नाही सांगितलंत?"

"तुझं काम बघून जळत होते म्हणून." एवढं बोलून उत्तरा थांबली, आणि मग उरलेलंही बोलली. "ट्रेनिंगच्या यादीतून तुझं नावही मीच काढायला लावलं होतं. तू गेली असतीस तर तुला हे पहिल्यापासून माहीत असतं."

कुमुदने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. "अक्षता येईपर्यंत बाहेर बसा," ती म्हणाली.

व्याख्यान रद्द झालं. गच्चीवरचं सामान हलवायला कोणीतरी जाणकार हवं होतं. गौरवने उत्तराला विचारलं, कारण त्याला आईने काहीच सांगितलेलं नव्हतं. चांगला मास्क लावून उत्तराने दोन दिवस काम केलं. अ‍ॅसिड शमवलं, पूड ओल्या कपड्याने टिपून डब्यात बंद केली, आणि डबे नोंदणी असलेल्या रिसायकलवाल्याकडे दिले. वही पुन्हा हाती आली तेव्हा तिने शेवटची नोंद वाचली. पडण्याच्या दिवशी सकाळचीच होती. अक्षर थरथरलेलं होतं, पण आकडे एकाखाली एक नीट होते. उत्तराला वाईट वाटलं, लाज वाटली, आणि त्या सरळ ओळीचा पुन्हा हेवाही वाटला.

श्यामकांतला तिने त्या रात्री जेवताना सगळं सांगितलं. तो घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. "तू?" एवढंच म्हणाला.

कुमुद आता बरी आहे. सकाळी पार्कमध्ये फिरते, पंप जवळ ठेवते. शेजारच्या शाळेत मुलांना आठवड्यातून एकदा विज्ञानाचे प्रयोग दाखवते, मीठ आणि लिंबाचे. मंडळात भेट झाली की "कशा आहात?" विचारते. नावाने हाक मारत नाही, 'ताई' म्हणत नाही. उत्तरा "बरी आहे" म्हणते आणि तिच्यासाठी खुर्ची ओढते. कुमुद कधी बसते, कधी दुसरीकडे जाते.