साहेबांचा कलप

बाहेरच्या देशांनी आमच्या देशाशी व्यापार बंद केला, त्याला अकरा वर्षं झाली. त्याने आमचं सरकार गुडघ्यावर येणार होतं. सरकारचं मला माहीत नाही, आमच्या गल्लीतली डोकी मात्र पांढरी झाली. कलप यायचा थांबला. पोस्टमास्तर पांढरे झाले, शाळेच्या मोठ्या बाई पांढऱ्या झाल्या, आणि माझी धाकटी जाऊ, जी आपलं वय माझ्या सुनेएवढं सांगायची, तीही एका उन्हाळ्यात पांढरीफटक. काळी डोकी उरली ती फक्त सरकारी. आता रस्त्यात माणूस लांबून दिसला तरी कळतं, याच्याशी बोलायचं की याला वाट द्यायची.

हे सगळ्यांच्या आधी मला कळलं, कारण सलून माझं आहे. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाले, बाईमाणसाने वस्तरा धरणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, तुमच्या गालावर धरून दाखवते, मग सांगा कसं दिसतं. तेव्हापासून खुर्ची माझी आहे आणि दिरांनी दाढी वाढवली आहे.

पुरवठा खात्याचे साहेब दर महिन्याला येतात. येताना कलपाची परदेशी बाटली आणतात, जाताना माझ्या आरशाखाली दम्याचा एक पंप विसरून जातात. हे विसरणं आमचं ठरलेलं आहे. माझ्या नातीला दमा आहे. आठ वर्षांची पोर, खदखदून हसली तरी छातीत शिट्टी वाजते. औषधांवर म्हणे बंदी नाहीच. फक्त पैसे पाठवायला बँक नाही आणि माल आणायला जहाज नाही. ते बंदी नसलेलं औषध साहेबांच्या कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात.

पोरीचा बाप, म्हणजे माझा लेक, शाळेत इतिहास शिकवतो. संध्याकाळी रेडिओला कान लावून बाहेरच्या बातम्या ऐकतो आणि मला सांगतो, "आई, आता फक्त सहा महिने. सरकार मोडलंच म्हणून समज."

"हे तू पोर जन्मायच्या आधीपासून सांगतोयस."

"थोडी कळ सोसावी लागते."

"सोसायची तिने, सांगायची तू. बरी वाटणी आहे."

सून भाजी चिरता चिरता हसली आणि नवऱ्याने बघितल्यावर खोकली.

गेल्या वर्षी बाहेरच्यांनी नवीन टूम काढली. अख्ख्या देशावर राग काढून झाला, आता एकेका अधिकाऱ्याचं नाव घेऊन बंदी. रेडिओवर एकतीस नावांची यादी वाचली गेली. या माणसांना परदेशात पाऊल टाकता येणार नाही, तिथे घर घेता येणार नाही. मला वाटलं, आता हे टरकतील. दुसऱ्या दिवशी यादीतल्या प्रत्येकाच्या दारात अभिनंदनाला रीघ. तुरुंगाच्या साहेबांनी तर ती यादी चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगली.

आमचे पुरवठा साहेब मात्र खुर्चीत बसले ते तोंड पाडून.

"काय झालं, साहेब?"

"माझं नाव नाही, मावशी."

"मग चांगलंच की."

"चांगलं काय त्यात? वरचे विचारतात, शत्रूने तुलाच कसं सोडलं? तुझं त्यांचं काही आहे का?" त्यांचा आवाज चिरकला. "चौदा वर्षं इमानाने गोदामं सांभाळली. माझ्या हाताखालच्या माणसाचं नाव आहे, मावशी. हाताखालच्याचं."

त्यांची उचलबांगडी होणार होती. जागेवर कोण येणार तेही ठरलं होतं. मी विचारलं, माणूस कसा आहे. साहेब म्हणाले, हुशार आहे, कडक आहे, पूर्ण टकला आहे.

माझा ब्रश हातातच थांबला. टकल्या माणसाचं माझ्याकडे काय काम? आणि तो आरशाखाली काय विसरणार?

अशा याद्या करणाऱ्या बाहेरच्या एका समितीला माझा लेक चोरून पत्रं धाडतो. घरात हे कुणालाच माहीत नाही असं त्याला वाटतं. त्या संध्याकाळी मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला.

"लिही. पुरवठा साहेब म्हणजे मोठा राक्षस आहे."

तो बघतच राहिला. "आई, शेवटी तुला पटलं."

"पटलं. लिही. औषधं दाबून ठेवतो, गोदामं खातो."

"हे तर खरंच आहे."

"मग हात चालव. आणि नाव नीट घाल, हुद्द्यासकट. दुसऱ्याच कुणाला मान जायचा."

"मान?"

"शिक्षा म्हणायचं होतं."

पोराचे डोळे भरून आले. स्वतःच्या लग्नातसुद्धा तो एवढा गहिवरला नव्हता.

दोन महिन्यांनी रेडिओवर साहेबांचं नाव आलं. औषधांच्या वाटपात अडथळा आणल्याबद्दल, असं बातम्या देणाऱ्या बाईने अगदी स्वच्छ वाचलं. लेकाने उठून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सून आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब आले ते छाती काढून. बदली रद्द झाली होती, पाच वाजता मंत्र्यांच्या हस्ते सत्कार होता. डावी बाजू लावून झाली तेव्हा मी हळूच म्हटलं, "आज काही विसरणार नाही का, साहेब?"

"पंप आता तुम्हीच विसरा, मावशी. माझ्यावर बंदी म्हणजे माझ्या खात्यावर बंदी. खात्याला आता कुणी कापसाचा बोळासुद्धा विकत नाही. यायचा होता तो मालही सकाळीच अडला, कपाट रिकामं. शत्रू किती नीच आहे बघा." आणि आरशात बघून हसले.

सून रोज पंप हलवून अंदाज घेते. त्या सकाळी म्हणाली होती, चार-पाच फवारे असतील. आणि तो कागद मी लिहून घेतला होता, माझ्या हुशारीने. मला माझंच थोबाड फोडावंसं वाटलं. पण हातात कलपाची वाटी होती, म्हटलं थोबाड नंतर. वाटी खाली ठेवली आणि स्टुलावर बसले.

"मावशी?"

"डावीकडचं झालं. उजवीकडचं पंप आल्यावर."

"कपाट रिकामं आहे म्हटलं ना."

"तुमचं. मंत्र्यांच्या इस्पितळातलं नाही. तिथल्या डॉक्टरांची दाढी मीच करते."

"आत टाकीन तुला."

"टाका. पांढरे गेलात तर म्हणतील, थकला. असे अर्धे गेलात तर म्हणतील, बघा, अर्धा शत्रूचाच आहे."

साहेबांनी मान वळवून आधी डावीकडून बघितलं, मग उजवीकडून. मग ड्रायव्हरला हाक मारली.

चाळीस मिनिटांत सरकारी लिफाफा आला, आत चार पंप. अकरा वर्षं जे देशात येऊ शकत नव्हतं, ते चाळीस मिनिटांच्या अंतरावर होतं. मी उजवी बाजू पुरी केली. कानामागचा डागसुद्धा पुसला, काम ते काम. देशाचा बत्तिसावा मानकरी सत्काराला गेला.

घरी पोरीने दोन फवारे घेतले आणि जावेच्या नातवाशी भांडायला पळाली. लेक रेडिओपाशीच होता. "बघितलंस, आई? यादीने हादरलेत सगळे. आता फक्त सहा महिने."

मी चारही पंप त्याच्या रेडिओवर ओळीने उभे केले.

"एक पंप, एक महिना. तुझे सहा, माझे चार. उरलेले दोन महिने पोरीने श्वास कुठून आणायचा, तेवढं तुझ्या समितीला विचार. पत्र छान लिहितोस तू."