हुंगलेली फुलं

दुपारी सगळं घर निजलेलं असताना देवघरातून आवाज आला. सहाणेवर चंदनाचं खोड घासल्याचा. खर्र खर्र, मग थांबून पुन्हा खर्र. धाकटा नुकताच झोपला होता. मी पाळण्याची दोरी हळूच सोडली आणि उठले. आजोबा गंध उगाळतायत, असंच वाटलं. दोन पावलं टाकल्यावर आठवलं, ते कार्तिकात गेले.

देवघरात माझी लेक कावेरी बसली होती, पाठमोरी. शेजारी आजोबांची वेताची परडी. तिला हाक मारवेना. मी उंबऱ्याशीच टेकले.

आजोबांना सगळी आळी विश्रामबाबा म्हणायची. तरुणपणी ते बंदरावर कारकून होते. दिवसभर गलबतांच्या मालाची नोंद करायची आणि संध्याकाळी कावडीने पाणी घालायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. घराभोवती नुसता जांभा दगड. त्यात खड्डे फोडून, लांबून माती आणून त्यांनी बाग उभी केली. सुरंगीचं रोप वेंगुर्ल्याहून डोक्यावर घेऊन चालत आले होते. आजी गेली त्या वर्षी अनंत लावला, माझे वडील गेले तेव्हा बकुळ. त्यांना रडताना कोणी पाहिलं नाही. खड्डा खणताना मात्र सगळ्यांनी पाहिलं.

एवढी फुलं, पण त्यांतलं एकही त्यांनी ताजं हुंगलं नाही. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, हे आपण सगळेच ऐकतो, पाळतो, विसरतो. ते विसरले नाहीत. फुलं काढायला जाताना उपरणं नाकावरून बांधायचे. दुसऱ्या दिवशी देवावरचं निर्माल्य उतरवलं की ते ओंजळीत घेऊन डोळे मिटायचे, मग माडाच्या मुळाशी टाकायचे. त्यांच्या वाट्याला आपल्या बागेचा वास आला तो असा, शिळा.

कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडचा रोझारियो त्यांच्याच वयाचा. तो रोज चिडवायचा, "विश्राम, तोंड बांधून सोताच्याच बागेत चोरी करूक चललंस रे?"

"तू गडग्यावरसून फुकट हुंगतस, ती खरी चोरी," आजोबा म्हणायचे.

म्हातारपणी डोळ्यांत मोतीबिंदू उतरले आणि हळूहळू सगळंच दिसेनासं झालं. कोणी फुलं आणून द्यायला लागलं की ते रागावत. हातांनी चाचपून काढत. पण हाताला कीड कळत नाही. एकदा अनंताबरोबर मुंगळ्यांची ओळच्या ओळ देवावर गेली. माझ्या नवऱ्याची नोकरी मुंबईत, खोलीचा पत्ता नाही, म्हणून मी माहेरीच होते. मी म्हटलं, "आजोबा, कावेरीला न्या बरोबर. ती बघेल, तुम्ही खुडा."

ते त्यांना पटलं. रोज सकाळी दोघं बागेत. ती बोट धरून न्यायची, "पणजो, हयसर," म्हणायची. ते खुडायचे, तिच्या हातातल्या परडीत टाकायचे. वर्षभर तसं चाललं. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात, पूजेला बसल्यावर त्यांनी सहज विचारलं, "आज अनंत कसो फुललो हा गो?"

"बरो आसा," कावेरी म्हणाली. "पण कालच्याचो वास जास्त होतो."

त्यांचा हात ताम्हनावरच थांबला. "तुका कसा कळला?"

"हुंगलंय मगे. रोजच हुंगतंय."

ते तिला रागावले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पूजा तशीच सोडून उठले. संध्याकाळी मला म्हणाले, "चेडवा, माका देवळात व्हर. कौल लावूक होयो."

रोझारियोला कळलं तसा तो गडग्याशी आला. "आमच्या चर्चातल्या सायबाक हुंगलेला चलता रे. थंय पाठव."

आजोबा हसले नाहीत. मग रोझारियो आपल्या घराकडे वळला.

सकाळी देवळात गुरवाने देवीच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या लावल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आजोबांनी हात जोडून विचारलं, "वर्सभर वाहिलेली फुला तुका पावली काय?"

बाहेर पाऊस लागला होता. दुपार झाली. दोन्ही पाकळ्या जिथल्या तिथे. आजोबा सारखे विचारत होते, "पडली काय गो?" आणि मी सारखी "नाय" म्हणत होते. शेवटी गुरव म्हणाला, "बाबानू, पावसाची ओल आसा. उद्या परत लावया."

"देवीक एकच गजाल दोनदा इचारूची नसता," आजोबा म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी देवाला फूल वाहिलं नाही. गंध, अक्षता, पाणी, बस. मी म्हटलं, "मी काढून देते, नाक बांधून." ते म्हणाले, "आधीची पोचली काय ता कळांदे." ते कुठून कळणार होतं? बाग फुलत होती आणि झाडाखालीच कुजत होती. ते पडवीत बसून तो वास येईल तसा उपरण्याने नाक झाकून घेत.

शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा मी एक उशिरा फुललेला अनंत त्यांच्या उशीशी धरला. "आजोबा, देवाचा नाय हो. तुमच्यासाठी आणलाय." त्यांनी श्वास रोखला आणि तोंड भिंतीकडे केलं.

आज कावेरीने खोड बाजूला ठेवलं. डाव्या हाताने नाक घट्ट चिमटीत धरलं आणि उजव्या हाताने परडीतली सुरंगीची फुलं एकेक करून देवांपुढे मांडली. चेहरा लालबुंद झाला होता. सगळी संपल्यावर तिने मोठा श्वास घेतला, मागे वळली आणि मला पाहिलं.

"आये," ती म्हणाली, "माझी हुंगलेली देवान घेवक नाय, तर ती पणजोक तरी गावली काय गो?"