रतनबाईचा अंगठा

शिवानी भोंगवलीची. ज्वारी खुरपायला सांगा, कांदा लावायला सांगा, पोरगी मागं हटायची नाही. पण भाताचं खाचर तिनं लग्नाआधी पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. आणि दिली कुठं, तर वेल्ह्याच्या डोंगरात! तिथं भात लावता न येणाऱ्या सुनेला बाया नावानं हाक मारायलासुद्धा वेळ लावतात.

सासूला, म्हणजे रतनबाईला, बोलून शिकवणं ठाऊकच नव्हतं. काही विचारलं की एकच उत्तर, "बग आन कर." अर्धा दिवस दोघी कोपऱ्यातल्या खाचरात वाकल्या आणि रतनबाईचा गुडघा धरला तो धरलाच. पण तेवढ्यात शिवानीनं डोळ्यांत तेल घालून सगळं उचललं. पाऊल मागं कसं सरतं, हात चिखलात किती बुडतो, इतकंच काय, ओळ संपली की कंबरेवर हात ठेवून "अगं आयाया" कसं म्हणायचं, तेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी अंबूबाईच्या शेतात इर्जिक होती. इर्जिक म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या शेतात, उद्या सगळ्यांनी माझ्या. प्रत्येक घरातून एक पक्का हात. अंबूबाईनं शिवानीला पाहून नाक मुरडलं आणि तोंडावर सांगितलं की हात जमला नाही तर शुक्रवारी तुमच्याकडं कुणी यायचं नाही. घरची चार खाचरं आणि लावणारी एकटी शिवानी!

ती खाली मान घालून कामाला लागली. थोड्या वेळानं शेजारची खुदकन हसली, मग तिच्या पलीकडची, आणि बघता बघता अख्खी ओळ हसू लागली. शिवानीचा अंगठा खुंटीगत ताठ, आणि रोप नुसत्या दोन बोटांच्या चिमटीत. अशी लावणी करणारी गावात एकच बाई होती. पण शिवानीला कुठलं माहीत! आपलं चुकलं काय तेच तिला कळेना.

तेवढ्यात भाकरीची पाटी घेऊन रतनबाई लंगडत बांधावर आली. सुनेचा हात दिसला आणि ती जागीच थांबली. बावीस वर्षांपूर्वी विळ्यानं तिच्या अंगठ्याची शीर तुटली, तेव्हापासून तो वाकत नाही. चारचौघांत ती तो हात पदराखाली ठेवते. आणि या बयेनं नेमका तोच उचलला होता.

"अगं येडे, माजा अंगठा मोडलाय," रतनबाई म्हणाली. "तुजा धड हाय न्हवं?"

शिवानीनं अंगठा वाकवून रोप लावलं. ते वर तरंगलं. दुसरं लावलं, ते आडवं झालं. आता रडू फुटणार, इतक्यात अंबूबाई शिवानीनं आधी लावलेल्या ओळीपाशी गेली. एक रोप धरून ओढलं, हललं नाही. आणखी दोन ओढली, तीही जागची हलली नाहीत.

"रतन, तुजं रोप कदी उपटून आलं न्हाई," अंबूबाई म्हणाली. "शिवानीचा हात हाय तसाच ऱ्हाऊ दे. शुक्रवारी येतो आमी."

दुपारी बाया बांधावर जेवायला बसल्या. शिवानी कंबरेवर हात ठेवून "अगं आयाया" करत टेकली, तेव्हा तर हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. रतनबाईही हसली. मग तिनं पदर खोचला आणि त्याच हातानं प्रत्येकीला भाकरी वाढली.