यज्ञेश्वरांचं मंगलाष्टक

“अहो बाबा, तुमचं तोंड मिटलेलं आणि गाणं चालू! ‘सावधान’ झालं, बँड वाजला, तरी अंतरपाट आपला धरलेलाच!” कॉम्प्युटरवर स्वतःचंच लग्न पाहून स्वरालीची हसून पुरेवाट झाली.

“मुहूर्त टळला की हो, पुष्करराव. लग्न पुन्हा लावा,” श्यामलाबाई जावयाला म्हणाल्या.

यज्ञेश्वरही हसले, पण जीव नुसता खालीवर होत होता. जन्मभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. नाव झालं ते गळ्यामुळे. नात्यात लग्न कुणाचंही असो, शेवटचं मंगलाष्टक त्यांचंच. लेकीचं तर त्यांनी स्वतः रचलं होतं. पुढच्याच वर्षी कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. तेव्हापासून बोलणं सगळं पाटीवर. पुष्करने लग्नाची बुरसटलेली कॅसेट साफ करवून कॉम्प्युटरवर उतरवली, आणि म्हातारा सकाळीच बायकोला घेऊन वारज्याला जावयाच्या घरी हजर! आपल्या तोंडून आपला आवाज निघताना त्यांना एकदा, फक्त एकदा बघायचं होतं.

“चित्र मागे पडतंय, बाबा. आमच्या या डबड्याला झेपत नाही. मी आवाजालाच जरा थोपवून धरतो,” पुष्कर म्हणाला. हिंजवडीला दिवसभर हेच करून दमत नाही, तो रविवारीही बटणं बडवत होता.

यज्ञेश्वरांनी पाटी पुढे केली: ‘अजून थोडं.’

मग एकदम जुळलं! फेटा बांधलेल्या यज्ञेश्वरांनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी तो खडा आवाज खोलीभर झाला. स्वराली किंचाळलीच. यज्ञेश्वरांनी मांडीवर अशी थाप मारली की पाटी खाली पडली. इतका आनंद त्यांना पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता.

दुसऱ्या कडव्याला चित्र पुन्हा अडखळलं.

“छे! परत हुकलं. थांबवतो, बाबा.”

“राहू द्या,” श्यामलाबाई हळूच म्हणाल्या. “इकडे बघा.”

यज्ञेश्वरांचे डोळे मिटले होते. चित्र हुकल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं. ते गात होते. आवाज स्पीकरमधून येत होता, ओठ सोफ्यावर हलत होते, आणि दोहोंत तसूभर अंतर नव्हतं.

शेवटच्या ‘सावधान’ला त्यांची मान वर गेली. श्यामलाबाई उठल्या आणि त्यांनी आपली रिकामी मूठ नवऱ्याच्या डोक्यावर उधळली.