पत्ते संपलेला राऊटर

जय हरी, मित्रांनो! चिकलठाण्याच्या मारुती मंदिरात, दाराजवळच्या फळीवर जो धुळकट राऊटर लुकलुकतो ना, तोच मी. मूळचा मी एका कारखान्याच्या ऑफिसातला. तिथं नवा आला, तसा मी अडगळीत गेलो. तिथल्या इंद्रजीतनं मला पुसलं आणि देवाच्या दारी आणलं.

माझं काम पंगतीतल्या वाढप्यासारखं. नवा फोन आला की विचारतो, "मला पत्ता कोण देईल?" मी आकड्यांचा एक मोकळा पत्ता त्याला देतो. त्याशिवाय त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही. पण हा पत्ता मुदतीचा असतो. निम्मी मुदत सरली की फोन हळूच विचारतो, "अजून राहू का?" मी म्हणतो, "राहा बाबा." जो विचारतच नाही, त्याचा पत्ता मुदत संपल्यावर दुसऱ्याला.

यंदाच्या हरिनाम सप्ताहात इंद्रजीतनं मायेपोटी चूक केली. सप्ताह सात दिवसांचा, म्हणून मुदतही सात दिवसांची ठेवली! चितेगावहून माणसं यायची, एक कीर्तन ऐकून परतायची. पत्ते मात्र त्यांच्याच नावावर अडकायचे. काल्याच्या दिवशी माझ्याजवळ एकही उरला नाही.

नेमकी त्याच दिवशी इंद्रजीतची बहीण सुलेखा आली. त्यांची आई द्वारकाबाई मांडीचं हाड मोडून वैजापूरला पडून होती. काल्याचं कीर्तन कधी न चुकवलेली बाई! तिला ते फोनवर दाखवायचं होतं. तिकडं उशाशी इंद्रजीत बसला होता. पत्र्याच्या मंडपात रेंज नाही. सुलेखाचा फोन मला विनवत होता आणि माझी झोळी रिकामी. इकडं बुवा हंडीच्या अभंगावर आले.

सुलेखानं दाराबाहेर जाऊन कसाबसा साधा फोन लावला. इंद्रजीत म्हणाला, "सुले, राऊटर बंद करून चालू कर. जुनं समदं विसरंल त्यो."

पण माझ्यापुढं सांडूमामा उभे, द्वारकाबाईंचे धाकटे भाऊ. "आगं, अखंड सप्ताह हाय. नंदादीप विझवत नाय, विणा खाली ठेवत नाय, अन् ह्याला बंद करू व्हय? माझ्या जिवात जीव हाय तवर नाय!"

सुलेखानं मामांना दारापर्यंत ओढलं आणि फोनचा आवाज मोठा केला.

"सांड्या," द्वारकाबाई कडाडल्या, "विणा अखंड, पण विणेकरी बदलतो का नाय? विणा ह्याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात जातो, म्हणून तर टिकतो. तुला एकट्याला सात दिस उभा केला असता तर दुसऱ्याच दिशी आडवा झाला असता! घेऊ दे त्याला घटकाभर दम."

मामांनी मला हात जोडले आणि बटण दाबलं.

मित्रांनो, जुन्या यंत्राला बंद होताना भीती वाटते. पुन्हा उठू की नाही, कुणी सांगावं? सगळा काळोख झाला. मग एकेक दिवा उजळला. मला कुणाचंच नाव आठवेना. पहिली हाक सुलेखाच्या फोनची आली. मी लगेच पत्ता दिला.

हंडी फुटली तेव्हा द्वारकाबाई फोनवर दिसत होत्या. अंथरुणातूनच त्यांनी ओंजळ पुढं केली होती. सांडूमामा वाकून, डोळे पुसत म्हणाले, "आक्का, ओंजळ मिट आता. काला सुलेखासंगं धाडतो."

आता माझ्या पत्त्यांची मुदत तासाभराची आहे. मित्रांनो, देवाचं दार असो की माझं, आपलं काम झालं की जागा मोकळी करत जा. मागं कोण ओंजळ धरून खोळंबलंय, ते आपल्याला दिसत नाही.