हिरामणची हरवलेली ओळ

आमच्या राहनाळात हळदीला पाचशे माणूस म्हणजे घरच्या घरी. एवढ्या जेवणाचे टोप आणि पराती कुणाच्याच घरात मावत नाहीत, म्हणून गावाची सामाईक भांडी समाजमंदिरामागच्या खोलीत असतात, आणि त्या खोलीवर चाळीस वर्षं आक्काचं राज्य आहे. कुणाच्या कार्याला काय जाणार, हे सगळं ती पूर्वी डोक्यात ठेवायची.

दोन वर्षांपूर्वी ते मी कॉम्प्युटरात नेलं. आमच्या गोडाऊनचा भाडेकरू खाली करून जाताना एक जुना कॉम्प्युटर आणि सी भाषेचं पुस्तक मागे टाकून गेला. मुलीचं लग्न झालेलं, दुपारी रिकाम्या. पहिले पाच धडे काही कळलं नाही, सहाव्याला चिकटले ती चिकटलेच. त्यातून दोन प्रोग्रॅम झाले. नोंद करायचा प्रोग्रॅम आक्का भांड्यांच्या खोलीत बसून चालवते. तारखा बदलायचा दुसरा, तो मी घरच्या लॅपटॉपवरून त्याच कॉम्प्युटरात शिरून चालवते. दोघांना फाइल मात्र एकच.

बुधवारी सकाळी मी आणि आणखी तिघी-चौघी आक्काला टोप मोजू लागत होतो, तेव्हा हिरामण खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. शुक्रवारी त्याच्या मुलीची हळद, आणि फाइलीत शुक्रवारसमोर नाव गावातल्याच प्रितमचं, त्याच्याही घरी कार्य.

"आक्का, पंधरा दिस झालं मी सांगून गेलो त्याला."

"सांगतलंस. मी लिवलं पन."

"मग गेलं कुठं? वय झालं तुझं. आता कुनी पोरगी बसव हितं."

आक्का एरवी त्याला त्याच्या आजोबांपासून ऐकवायला सुरुवात करते. त्या दिवशी तिनं फाइल पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. तो गेल्यावर कमरेची किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली.

"खरंच लिवलं का गो मी? आता माझ्या मनाव माझाच इश्वास न्हाय."

भांड्यांचं तासाभरात जमलं. प्रितमनं अर्धे टोप सोडले, बाकीचे मानकोलीहून आणायचे ठरले. किल्ली मात्र माझ्याकडेच राहिली, आणि ती मला नको होती.

पंचाईत अशी की ओळ हरवण्याची सोय मी आधीच बंद केली होती. माझे दोन्ही प्रोग्रॅम अख्खी फाइल वाचतात, त्यात बदल करतात आणि अख्खी परत लिहितात. दोघांनी एकाच वेळी वाचली, तर जो मागाहून लिहील तो दुसऱ्याची ओळ पुसून टाकेल. म्हणून सीमध्ये फाइलीला कुलूप घालता येतं. एकानं घातलं की दुसरा थांबतो, पहिल्याचं लिहून झालं की मग त्याची पाळी. मी दोन्हीकडे कुलूप घातलेलं होतं. म्हणजे माझं बरोबर असेल, तर आक्का विसरली. आपल्याच कामात चूक सापडावी असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

फोन उघडून बघितला. पंधरा दिवसांपूर्वी हिरामण आक्काकडे नाव सांगून गेला त्याच दिवशी, अकरा वीसला, गावातल्या नरेंद्रचा मेसेज होता: वहिनी, साखरपुडा पुढच्या आठवड्यात ढकला. मी तेव्हाच तारीख बदलायला बसले असणार.

लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडल्या, एकीत माझा प्रोग्रॅम, दुसरीत आक्काचा. फाइलीची नक्कल घेतली आणि माझ्याकडून एक तारीख बदलायला टाकली. त्यानं फाइल वाचली, 'नक्की बदलू?' म्हणून विचारलं. उत्तर न देता दुसऱ्या खिडकीत हिरामणचं नाव टाकलं. तिनं थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. नाव सरळ लिहून मोकळी झाली. मग मी पहिल्या खिडकीत 'हो' म्हटलं आणि फाइल उघडली. हिरामण गायब.

कुलूप काढलं कुणी? दुपारभर शोधलं. काढलं होतं मीच. विचारण्याआधी माझा प्रोग्रॅम एकदा ओळी मोजून घ्यायचा. जास्तीची खात्री म्हणून त्यासाठी तीच फाइल नव्यानं उघडायचा, मोजायचा, बंद करायचा. आणि नियम असा आहे, जो मी वाचून पुढे गेले होते, की प्रोग्रॅमनं ती फाइल अशी कुठूनही एकदा बंद केली की त्याची त्या फाइलीवरची सगळी कुलपं सुटतात. जास्तीची काळजी घेतली नसती, तर काही झालं नसतं.

तशीच चपला घालून आक्काकडे गेले. ती ओट्यावर लसूण सोलत होती.

"तू लिहिलं होतंस. मी पुसलं."

"कवा?"

"तो 'नक्की?' विचारत होता, आणि मी तव्यावरचे बोंबील उलटायला उठले असणार. तेवढ्यात तुझी नोंद झाली. परत येऊन मी हो म्हटलं आणि तुझी ओळ गेली."

तिनं लसूण खाली ठेवला. पदरानं डोळ्यांच्या कडा टिपल्या.

"आनि आता कुलूप नीट लागल?"

"लागेल."

"म्हंजे तुझं बोंबील होईस्तवर मी थांबायचं?"

याचा विचार मी केला नव्हता. आता प्रोग्रॅम आधी मला विचारून घेतो, मगच कुलूप घालतो, ताजी फाइल वाचतो आणि लगेच लिहितो. ही सुधारणा आक्काची.

किल्ली मी पुढे केली. तिनं घेतली नाही.

"हिरामण दारात उभं ऱ्हाऊन बोलला ना, चार मानसांत? तू बी चार मानसांतच सांग."

शुक्रवारी सांगितलं. हिरामणच्या अंगणात चुली पेटल्या होत्या, मसाल्याचा वास वेशीपर्यंत गेला होता, आणि मी कधी नव्हे ते मोठ्यानं म्हणाले, की नाव आक्कानं लिहिलं होतं, पुसलं माझ्या प्रोग्रॅमनं.

"मंग वहिनी, वय तुमचं झालं," हिरामण म्हणाला. सगळे हसले, मीही. मग तो आक्काजवळ गेला आणि खाली वाकला.

आक्कानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण नजर चुलीकडे. "ऊठ. तो मोठा टोप एका बाजूला कललाय, वीट सरकव आधी." मग माझ्याकडे वळून हात पुढे केला, आणि मी किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली.