बाईंच्या नावावरचे नकाशे

“प्लग कुणी उपटला?” मी ओरडलो.

भिंतीला दुसरा हात मारत असलेला रंगारी शांतपणे म्हणाला, “काल कपाट सरकवायचं होतं, साहेब. पुन्हा लावला की लगेच!”

लावला म्हणे! चालता सर्व्हर असा खसकन बंद करायचा नसतो, हे त्याला सांगून काय उपयोग? पूलदुरुस्तीच्या या ऑफिसात पंचवीस वर्षं मी सर्व्हर सांभाळतोय, आमच्या साहेबांनाही ते अजून कळलेलं नाही. नकाशे सगळे जागेवर होते, पण कुठला नकाशा कुठे आहे हे सांगणारी सूची पार बिघडली होती. काहीही शोधा, उत्तर एकच: सापडत नाही.

तेवढ्यात नवा इंजिनीअर दारात. “नाल्यावरच्या पुलाचा नकाशा द्या हो. पूल बंद ठेवलाय, माणसं खोळंबलीत.”

“सूची नव्याने बांधतोय. जरा धीर धरा.”

अकराच्या सुमारास ते काम मध्येच थांबलं. पडद्यावर ओळ आली: चार हजार एकशे बारा नकाशांच्या मालकाची ओळख पटत नाही. मालकाचा पासवर्ड द्या, नाहीतर नकाशे स्वतःच्या नावावर घ्या. पुलाचा नकाशाही त्यातच होता.

ते सगळे नकाशे बाईंचे. बाई म्हणजे आमच्या ड्राफ्ट्समन, आठ वर्षांपूर्वी निवृत्त होऊन लांब मुलाकडे राहायला गेल्या. त्याच दिवशी त्यांचं खातं बंद करायचा नियम. मी केलं नाही. कुणी विचारलंच तर ‘जुन्या फाइली बिघडतील’ असं ठोकून द्यायचो. खरं कारण एवढंच, की सकाळी यादी उघडली की त्यांचं नाव ओळीने दिसायचं आणि बाई पलीकडच्या टेबलाशीच आहेत असं वाटायचं. सतरा वर्षं शेजारी बसलो, चहा एकत्र प्यायलो. त्यांचे यजमान केव्हाच गेलेले, मी एकटा. आज बोलू, उद्या बोलू करत बोलायचं राहूनच गेलं. असला मी मुखदुर्बळ!

पासवर्ड फक्त त्यांनाच माहीत. म्हणजे फोन करायला कारण मिळालं होतं, आठ वर्षांत पहिल्यांदा. इंजिनीअरला बाहेर बसवलं, रंगाऱ्याला चहाला पिटाळलं, केस नीट केले (फोनवर कोण बघणार होतं, देव जाणे) आणि नंबर लावला.

“कोण? अगंबाई, सर्व्हरवाले! कसे आहात?”

“बरा आहे. सर्व्हर बसलाय. तुमचा पासवर्ड हवा होता.”

“माझा? अहो, माझं खातं अजून ठेवलंय तुम्ही?”

“राहिलं काढायचं.”

त्या खळखळून हसल्या. तेच हसू. “आता कुठला आठवतोय पासवर्ड! नातीच्या शाळेची वेळ लक्षात राहिली तरी पुष्कळ झालं. घ्या की तुमच्या नावावर. मला काय करायचेत ते नकाशे?”

“आठवून तर बघा, बाई.”

“नाही हो आठवत. बरं, नात हाका मारतेय, ठेवू? तब्येतीला जपा.”

“हो. तुम्हीही.”

आठ वर्षं मनात घोकलेलं एक वाक्य होतं, ते तोंडातच राहिलं. फोन कानाला तसाच धरून मी बसलो होतो.

“झालं का हो?” इंजिनीअरने दार वाजवलं.

दाबलं बटण. एकेका ओळीतून बाईंचं नाव जाऊन माझं येत गेलं, वरून खाली, चार हजार एकशे बारा वेळा. बघवत नव्हतं, तरी जागचा उठलो नाही.

नकाशा छापून निघाला. कोपऱ्यात आपोआप उमटलेलं नाव इंजिनीअरने वाचलं. “अरे वा, हा तुम्ही काढलात? काय सुरेख हात आहे!”

“द्या इकडे.”

मी पेन काढलं, माझं नाव खोडलं आणि खाली बाईंचं पूर्ण नाव लिहिलं. ते मी आयुष्यात कधी हाताने लिहिलं नव्हतं.

“आटपा हो, माणसं उभी आहेत तिकडे,” इंजिनीअर म्हणाला.

शाई वाळेपर्यंत मी कागद सोडला नाही.